एकच इयरफोन

निपाणीची शाळा, दहावी ब,
पाठ बारावा: विद्युतचुंबकीय लहरी.
फळ्यावर मी एक साप काढला, मग लांबट साप, मग आखूड,
आणि शेवटच्या बाकावरून आलं,
"सर, हे परीक्षेला हाय काय?"
दोन गुणांची व्याख्या तेवढी होती.

म्हणून शनिवारी तांब्याची तार आणली,
जळक्या मोटरीतून सोडवलेली,
फिनेलच्या रिकाम्या बाटलीवर नव्वद वेढे.
मोजायला अक्काताई ढंग. तिची आई
हजार विड्यांचा हिशेब बोटांवर ठेवते,
मुलीचा वेढा चुकत नाही.
एक टोक घंटेच्या खांबावरून चिंचेवर,
दुसरं बोअरिंगच्या पाइपाला, मातीत.
मधे डायोड, जोंधळ्याएवढा.

"सेल कुठाय सर?"
सेल नाही.
"मग चालतंय कशावर?"
जो बोलतोय त्याच्याच दमावर.
धारवाडहून निघतानाच त्यानं
आपलं भाडं सोबत घेतलंय.
वर्ग हसला. मीही. पण खरं तेच आहे.

इयरफोन एक, मुलं त्रेचाळीस.
रांग लागली, रॉकेलला लागते तशी,
आणि ती सरकेपर्यंत मी बोलत राहिलो
पुस्तकात नसलेलं:
की रेडिओला एकेकाळी लायसन लागायचं,
पोस्टात वर्षाचे पैसे भरून, सायकलच्या बिल्ल्यासारखं;
की लढाईत, खंदकात, शिपायांनी
ब्लेडवर पेन्सिलीचं शिसं टेकवून गाणी ऐकली;
की कॅसलरॉकच्या रानातून कुणी बोलायचं
आणि ते घाट उतरून गोव्यात पोचायचं.
नाक्यावर झडती माणसांची व्हायची,
शब्दांचे खिसे कुठं असतात?
की छप्पन सालच्या एक नोव्हेंबरला
माझे वडील तंबाखूच्या वखारीपुढं
पन्नासेक माणसांत उभे होते, एका सेटभोवती,
आणि बातम्या देणाऱ्याचा आवाज कुठंही हलला नाही.
वडील म्हणायचे, तेच जास्त लागलं.

इथं मी म्हणणार होतो, लहरींना सीमा नसते.
भाषणात बरं दिसतं ते वाक्य.
तेवढ्यात मेहजबीन नदाफ कान दाबून ओरडली,
"सर, दोघं एकदमच बोलाय लागल्यात!
एक कन्नडमधनं, एक मराठीतनं!"
मी समजावलं:
धारवाड दांडगं, सांगली जवळ,
आपल्या बाटलीला निवड जमत नाही.
आणखी एक कॉइल हवी, एक कंडेन्सर,
मग एकाला वाट देता येते,
दुसऱ्याला अडवता येतं.
"असू द्या की ओ," ती म्हणाली,
"आमच्यात जेवताना असंच असतंय.
मीठ कुणी मागितलं एवढं कळतंय."
फळ्यावर कंडेन्सर काढायला घेतलेला खडू
मी खिशात टाकला.

घंटा झाली. धक्क्यानं खांबावरची तार निसटली.
पटावरचा शेवटचा, ईरण्णा हुक्केरी, राहून गेला.
काही बोलला नाही.
दप्तराचा पट्टा चावत उभा राहिला.

रात्री साडेअकराला त्याच्या वडिलांना विचारून,
शिपायाकडून किल्ली घेऊन, आम्ही दोघं.
दिवसा लहरी गिळणारा आकाशातला थर
अंधारात विरून जातो, त्याला सांगितलं,
मग वरचा थर झेलतो आणि परत फेकतो,
खूप लांबचं खाली येतं, कधी येतं, कधी नाही.
धारवाड झोपलेलं, सांगली झोपलेली.
चिंचेवर एक पाखरू जागा बदलत होतं.
डास मारत मी उभा.

"आहे का कोण?"
"बाई हाय सर. हळू बोलालीय."
"कुठली भाषा?"
"म्हाईत न्हाई."
"काय म्हणतेय?"
त्यानं तळहात वर केला, मला गप्प करायला,
विद्यार्थ्यानं शिक्षकाला करू नये तसा,
आणि मी गप्प झालो.